छाप बदलते तेव्हा : प्रस्तावना

जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेतल्या सुपरमार्केटांच्या थंड कपाटांत ट्रॉपिकाना संत्रारसाचा नवा खोका आला. जुन्या खोक्यावर एक भलंमोठं रसरशीत संत्रं होतं आणि त्यात थेट खुपसलेली स्ट्रॉ. वर गडद हिरव्या, कमानीसारख्या वळलेल्या ठसठशीत अक्षरांत नाव. नव्या खोक्यावरून संत्रं गेलं, स्ट्रॉ गेली, त्या जागी रसाने भरलेला काचेचा पेला आला. नाव बारीक अक्षरांत उभं लावलं होतं, ते वाचायला मान कलती करावी लागे. झाकणाला तेवढा अर्ध्या संत्र्याचा आकार दिला होता. आतला रस तोच होता. नव्या रूपाच्या जाहिरातीवर साडेतीन कोटी डॉलर खर्चायची तयारी होती. १ जानेवारी ते २२ फेब्रुवारी या काळात विक्री २० टक्क्यांनी घसरली आणि फेब्रुवारी संपायच्या आत ट्रॉपिकानाची तेव्हाची मालक कंपनी पेप्सिको हिने जुना खोका परत आणत असल्याचं जाहीर केलं.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१० मध्ये, गॅप या कपड्यांच्या कंपनीने आपला जुना निळा चौकोन आणि त्यातली उंच, सडपातळ पांढरी अक्षरं काढून टाकली. त्या जागी हेल्व्हेटिका वळणाची काळी अक्षरं आली आणि शेवटच्या अक्षरामागे एक छोटा निळा तुकडा राहिला. लोक खवळले. फेसबुक-ट्विटरवर चेष्टेला ऊत आला. कंपनीने आधी सांगितलं, तुम्हीच नवी चित्रं सुचवा. मग आठवडाभरातच जुनं चिन्ह परत आणलं.

या दोन घटना व्यवस्थापनाच्या वर्गांत नेहमी एका दमात सांगितल्या जातात आणि दोन्हींचा धडा एकच काढला जातो, की लोकांना बदल आवडत नाही. मला हे पटत नाही. गॅपच्या बाबतीत निकाल लागला तो आरडाओरड्यावर. एका आठवड्यात जीन्सच्या खपावरून काही कळणंच शक्य नव्हतं. ट्रॉपिकानाच्या बाबतीतही पत्रं आली, फोन आले, पण खरं बोलला तो दुकानातला हात. कपाटासमोर उभ्या राहिलेल्या बाईला नेहमीचा खोका दिसला नाही. जो दिसला तो दुकानाच्या स्वतःच्या स्वस्त मालासारखा वाटला, म्हणून तिने शेजारचा उचलला. तिने कुणाकडे तक्रार केली नाही. तिला आपण काही वेगळं केलं असंही वाटलं नसेल. लोक तोंडाने जे बोलतात आणि हाताने जे करतात, त्यांतलं हे अंतर हाच या लेखसंग्रहाचा विषय आहे.

बोधचिन्ह बदललं की ग्राहक काय करतो, हा प्रश्न वरवर जाहिरात खात्यापुरता वाटतो. पण तो नुसत्या सौंदर्याचा प्रश्न नाही. कोणत्याही कंपनीचं चिन्ह तिच्या मालकीचं असतं, त्याची नोंदणी तिच्या नावावर असते. त्या चिन्हाची ओळख मात्र ग्राहकाने वर्षानुवर्षं, स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या सवयीने तयार केलेली असते. कंपनी चिन्ह बदलते तेव्हा ती ग्राहकाच्या या कष्टाला हात घालते. तो घालायचा तिला हक्क आहे, कधीकधी गरजही असते. पण आपण कशाला हात घालतो आहोत, हे तिला कळलेलं असावं.

ही ओळख असते कशी, ते आधी पाहू. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी ८५ विद्यार्थ्यांना अ‍ॅपल कंपनीचं चिन्ह आठवणीने काढायला सांगितलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग आहे. त्यांतले बरेच जण रोज तेच फोन आणि तेच संगणक वापरणारे होते. बिनचूक चिन्ह काढता आलं ते एकालाच. नुसतं ओळखायला सांगितलं, बारीक फरक केलेल्या चित्रांमधून खरं निवडायला सांगितलं, तरी निम्म्याहून कमी जणांना ते जमलं. चावा कोणत्या बाजूला, पान कोणत्या दिशेला झुकलेलं, याची नोंद डोक्यात नव्हती. म्हणजे चिन्ह डोळ्यांत असतं, पण त्याचे तपशील नसतात. असतो तो एक गोळाबेरीज ठसा : रंग, आकार, वजन, जागा. हा ठसा जिवंत आहे तोवर कडेची रेघ बदलली तरी कुणाचं लक्ष जात नाही. तो मोडला, की नाव ठळक अक्षरांत लिहिलेलं असूनही माणूस गोंधळतो.

आपल्या न्यायालयांना हे केव्हाच ठाऊक होतं. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयासमोर ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांच्या नावांचा वाद आला. नावं फसगत होण्याइतकी सारखी आहेत का, हे ठरवायला न्यायालयाने कसोटी लावली ती सामान्य बुद्धीच्या आणि अपुऱ्या स्मरणशक्तीच्या माणसाची. असा माणूस दोन नावं शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहत नाही. त्याच्या मनात एकूण छाप उरलेली असते आणि तिच्या भरवशावर तो खरेदी करतो. व्यापारचिन्हांच्या कायद्यात हा माणूस आजही केंद्रस्थानी आहे. दुर्दैवाने कंपन्यांच्या सभागृहांत त्याला जागा नसते. तिथे पडद्यावर डावीकडे जुनं चिन्ह, उजवीकडे नवं, असं दोन्ही शेजारी ठेवून दाखवतात. बघणाऱ्यांना संक्रमण स्पष्ट दिसतं, जुन्यातलं काय राखलं, काय सोडलं ते समजावून सांगितलं जातं आणि सगळ्यांना ते पटतं. दुकानात मात्र डावी बाजू नसते. तिथे एकटं नवं चिन्ह उभं असतं आणि जुनं असतं ते फक्त गिऱ्हाइकाच्या डोक्यात, तेही धूसर.

मी पॅकेजिंगच्या कामात बरीच वर्षं काढली. त्यातला मोठा काळ पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत गेला, पण जे शिकलो ते बाजारगावांतल्या किराणा दुकानांत. सोलापूर जिल्ह्यातल्या एका दुकानात एका चहाच्या पुड्याचं रूप नुकतंच बदललं होतं. लाल जमीन होती ती मरून झाली होती, मधलं चित्र लहान होऊन कोपऱ्यात गेलं होतं आणि नावाची अक्षरं तिरकी झाली होती. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा हातात जुना रिकामा पुडा घेऊन आला. आईने तो नमुना म्हणून दिला होता. दुकानदाराने नवा पुडा दिला, मुलगा घेऊन गेला आणि थोड्या वेळाने परत आला. “आई म्हणती, ह्यो डुप्लिकेट हाय.” दुकानदाराने मागच्या फळीवरून धूळ बसलेला एक जुना पुडा शोधून काढला, दोन्ही पुडे उलटे केले, कारखान्याचा पत्ता एकच आहे, वजन तेच आहे, किंमत तीच आहे हे मुलाला बोट ठेवून दाखवलं आणि दोन्ही पुडे त्याच्या हातात देऊन म्हणाला, “आईला दाव आन् जुना माघारी आन.” तो जुना पुडा पुढे कितीतरी दिवस तराजूच्या शेजारी ठेवलेला होता, येईल त्याला दाखवायला.

कंपनीने नव्या रूपासाठी किती खर्च केला होता, मला माहीत नाही. पण त्या गावात तो बदल पोचवायचं काम एका दुकानदाराने, एका जुन्या पुड्याच्या आधारावर, फुकट केलं. आणि त्याची स्वतःची पत त्यात पणाला लागली होती. कारण आपल्याकडे पुडा बदलला की पहिली शंका कंपनीवर येत नाही, ती दुकानदारावर येते. त्याने नकली माल ठेवायला सुरुवात केली, असा समज होतो. ‘नवं पॅक, तोच दर्जा’ अशी पट्टी कंपन्या छापतात ती याचसाठी. पण वाचता न येणाऱ्यासाठी किंवा वाचायची सवय नसणाऱ्यासाठी ती पट्टी म्हणजे पुड्यावर आलेला आणखी एक अनोळखी डाग असतो.

आपल्या बाजाराचा हा पाया जुना आहे. मँचेस्टरचं कापड मुंबई बंदरात उतरत असे तेव्हा ताग्यावर रंगीत चित्रांची लेबलं चिकटवलेली असत, कारण घेणारा चित्रावरून माल ओळखत असे. त्याच वळणावर आपल्याकडे अमुक छाप, तमुक छाप अशी नावं रुजली. संगमनेरची ‘गाय छाप’ तंबाखू मागणाऱ्याने पुडीवरची अक्षरं कधी वाचली नसतील, पण गाय त्याला अंधारातही कळेल. या परंपरेत चित्र हेच नाव असतं. पाश्चात्त्य कंपन्यांना आणि आता आपल्याही नव्या कंपन्यांना चिन्हातून चित्र काढून नुसती साधी, सपाट अक्षरं ठेवायचा मोह होतो. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर ती चांगली उठतात, हे खरं. पण किराणा दुकानाच्या फळीवर, साठ वॅटच्या दिव्याखाली, काउंटरच्या पलीकडून पाहणाऱ्या माणसाचं त्यात काय होतं, हा प्रश्न त्या वेळी कुणी विचारत नाही.

आता राग कुणाला येतो, याकडे वळू. मायकेल वॉल्श, कॅरन विंटरिच आणि विकास मित्तल या अभ्यासकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात आदिदास आणि न्यू बॅलन्स या बूट कंपन्यांची चिन्हं कमी-अधिक बदलून लोकांना दाखवली. ज्यांचं त्या ब्रँडशी घट्ट नातं होतं, त्यांना बदल जितका मोठा तितका नावडला. ज्यांचं फारसं नातं नव्हतं, त्यांचं मत उलट सुधारलं. हा निष्कर्ष नीट समजून घेतला तर कंपन्यांची कोंडी लक्षात येते. चिन्ह बदलायचं ते बहुधा नवं गिऱ्हाईक यावं म्हणून. पण त्याची किंमत चुकवतं ते जुनं गिऱ्हाईक, ज्याच्या जिवावर कंपनी तोवर उभी राहिली. शिवाय जुन्याचा राग लगेच ऐकू येतो. नव्याची पसंती मात्र मुकी असते आणि सावकाश येते.

ऑगस्ट २०२५ मधलं क्रॅकर बॅरलचं प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. टेनेसी राज्यात १९६९ साली सुरू झालेली ही अमेरिकन हमरस्त्यांवरची खानावळींची साखळी. तिच्या चिन्हात पिंपाला टेकून खुर्चीत बसलेला एक म्हातारा होता, १९७७ पासून. १९ ऑगस्टला तो म्हातारा आणि ते पिंप काढून नुसती अक्षरं उरली. शेअरचा भाव घसरला, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनीही जुनं चिन्ह परत आणा असा सल्ला दिला आणि २६ ऑगस्टला कंपनीने माघार घेतली. बातम्यांत हा सगळा झगडा राजकीय रंगाने रंगवला गेला. पण खानावळीची जुनी गिऱ्हाइकं जे म्हणत होती, ते साधं होतं. चिन्ह बदलण्याआधीच काही ठिकाणी आतली सजावट बदलायला घेतली होती. भिंतींवरच्या जुन्या वस्तू कमी होऊन खोल्या उजळ आणि मोकळ्या झाल्या होत्या. त्यांना चिन्ह गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी धास्ती होती ती ही, की म्हातारा गेला, आता त्याच्यामागे जे होतं तेही जाणार. पुढच्याच महिन्यात कंपनीने सजावटीचं कामही थांबवलं, यावरून ती धास्ती निराधार नव्हती हे दिसतं.

याच्या शेजारी जॅग्वार ठेवा. २००८ मध्ये टाटा मोटर्सने विकत घेतलेली ही कंपनी. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने नवं नावचिन्ह आणलं, त्यासोबतच्या चित्रफितीत मोटारगाडीच नव्हती. जगभर गदारोळ झाला. त्या गदारोळात जॅग्वारचे मालक किती होते आणि ती गाडी घेण्याचं ज्यांच्या स्वप्नातही नव्हतं असे किती, याचा विचार कुणी केला नाही. कंपनीने तेव्हा नव्या गाड्यांची विक्री आखडती घेऊन पुढे फक्त विजेवरच्या, अधिक महागड्या गाड्या काढायचं ठरवलं होतं. म्हणजे जुनं गिऱ्हाईक सोडायची तिने तयारीच ठेवली होती. हा डाव बरोबर की चूक, ते गाड्या रस्त्यावर आल्यावर कळेल. समाजमाध्यमांवरच्या टाळ्या किंवा शिव्या यांवरून ते कळणार नाही. बघ्याचा आवाज आणि गिऱ्हाइकाचा आवाज वेगळे ऐकता यायला हवेत. आज कंपन्यांना ते जमत नाही, आणि माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यांत मोठी चूक हीच आहे.

आरडाओरडा किती टिकतो, हेही पाहण्यासारखं आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये एअरटेलने आपलं चिन्ह बदललं. लाल पार्श्वभूमीवर लाटेसारखा एक वळसा आला, ए. आर. रहमान यांची ओळखीची धून नव्याने बांधली गेली. तेव्हा किती नाकं मुरडली गेली होती! कुणाला त्यात व्होडाफोनची झाक दिसली, कुणाला जुन्या धूनची आठवण अनावर झाली. आज जुनं एअरटेल कसं दिसायचं, हे आठवून काढा म्हटलं तर फारच थोड्यांना जमेल. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ सालीच दाखवलं होतं, की अर्थ न कळणारी चिनी वळणाची चिन्हंसुद्धा वारंवार समोर आली की माणसाला ती आवडू लागतात. जाहिरातीचं निम्मं शास्त्र यावर उभं आहे. पण यातून ‘थोडा दम धरा, लोक सरावतील’ असा सोपा निष्कर्ष काढणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की सराव व्हायला ती वस्तू वारंवार समोर यावी लागते. एअरटेल रोज हातात होतं, सोडायचं म्हटलं तर सेवा बदलायचा त्रास होता. संत्र्याच्या रसाला तशी सवलत नाही. शेजारी दुसरा खोका आहे, आणि तो उचलायला काही लागत नाही.

मुंबईकरांनी तर या बाबतीत एका आयुष्यात फार पाहिलं. एकाच मोबाइल सेवेला त्यांनी आधी मॅक्स टच म्हटलं, मग ऑरेंज, मग हच, २००७ पासून व्होडाफोन आणि २०२० पासून व्ही. यांतलं हचचं व्होडाफोन होणं मला फार विचारपूर्वक केलेलं वाटतं. सप्टेंबर २००७ मध्ये देशभर एकदम जाहिराती झळकल्या. हचच्या जाहिरातींतून घराघरांत पोचलेला तो छोटा पग कुत्रा बाहेर जातो, परत येतो तेव्हा त्याचं गुलाबी घर लाल झालेलं असतं, आणि तो निवांत आत शिरतो. एवढंच. नाव बदललं, रंग बदलला, चिन्ह बदललं, पण लोकांचं ज्याच्याशी नातं जडलं होतं तो कुत्रा त्यांनी राखला. नंबर तोच राहिला, बिल तिथेच येत राहिलं. एका वेळी सगळं हिरावून घेतलं नाही. २०२० मध्ये व्होडाफोन आणि आयडिया मिळून व्ही झालं, तेव्हाही जाहिरात थोडी नव्हती, चिन्हही नेटकं होतं. पण ग्राहक आधीच दुसरीकडे चालले होते आणि पुढेही जात राहिले. ते नेटवर्क आणि दर पाहून गेले. नव्या चिन्हात त्यांना थांबवायचं बळ नव्हतं, कुठल्याच चिन्हात नसतं.

आधी माल, मग चिन्ह, हा क्रम पाळला तर लोक किती सहज सोबत येतात, याचं उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. बजाज म्हटलं की चेतक स्कूटर आणि ते षटकोनी चिन्ह, असं दोन पिढ्यांचं समीकरण होतं. २००१ साली पल्सर आली. स्कूटरची कंपनी तरुणांची मोटारसायकल विकू लागली. आणि त्यानंतर, २००४ मध्ये, षटकोन जाऊन नवं निळं ‘बी’ आलं. ते पुण्याच्याच एलिफंट डिझाइनने घडवलं होतं. हळहळ झाली असणार, कारण चेतकशी कितीतरी घरांच्या आठवणी बांधलेल्या आहेत. पण विरोध म्हणावा असा झाला नाही. लोकांच्या डोळ्यांसमोर बजाज आधीच बदलली होती. चिन्हाने त्या बदलावर फक्त सही केली.

एअर इंडियाचं उलट होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये नवं सोनेरी चिन्ह आलं, खिडकीच्या वरच्या टोकासारखं. कोणार्कचं चक्र अंगावर घेतलेला लाल हंस गेला. बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ मध्ये घडवलेला महाराजा विमानावरच्या मुख्य ओळखीतून मागे सरला. त्याला उंची वर्गाच्या सेवेत आणि लाउंजमध्ये जागा राहील, असं सांगण्यात आलं. मुंबईने त्या महाराजाला केम्प्स कॉर्नरच्या फलकावर वर्षानुवर्षं पाहिलं होतं, म्हणून इथे जरा जास्तच चुटपुट लागली. मला मात्र त्या प्रतिक्रियांतली दुसरी बाजू मोलाची वाटली. पुष्कळ प्रवाशांचं म्हणणं चिन्हाबद्दल नव्हतंच. मोडक्या खुर्च्या आणि बंद पडद्यांचं काय, असं ते विचारत होते. जुन्या मोठ्या विमानांची आतली बाजू नव्याने करण्यासाठी ४० कोटी डॉलर खर्च करायचं कंपनीने आधीच्या डिसेंबरमध्ये जाहीर केलं होतं, पण ते काम व्हायचं होतं. चिन्ह आधी पोचलं. मग प्रत्येक मोडक्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ते नवं सोनेरी चिन्ह एक न पाळलेलं वचन वाटलं, तर त्यात त्याची चूक नाही.

बँकांची गोष्ट आणखी निराळी. तिथे चिन्ह बदललं की ग्राहकाला राग येत नाही, त्याला भीती वाटते. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक आणि विजया बँक बडोदा बँकेत विलीन झाल्या. मुंबईत देना बँकेची पाटी किती जुन्या वस्त्यांतून होती! तिथे एके दिवशी बडोदा बँकेचा केशरी सूर्य आला. पेन्शन घ्यायला येणाऱ्या वृद्धांच्या मनात तेव्हा नवं चिन्ह चांगलं की वाईट, हा प्रश्न आला नाही. पासबुक चालेल का, चेक परत येईल का, माझी ठेव कुठे गेली, हे प्रश्न आले. आणि ते रास्त होते. पुढे १ मार्च २०२१ पासून या दोन बँकांचे जुने आयएफएससी कोड बंद झालेच. अशा वेळी दारात उभं राहून समजावणारा कारकून हाच बँकेचा खरा चेहरा असतो. ज्या शाखांनी असा माणूस दारात उभा केला, त्यांनी शेकडो फलकांपेक्षा मोठं काम केलं, असं मी मानतो.

काही वेळा दबाव ग्राहकाकडून येतच नाही. ‘संभाजी बिडी’ हे नाव मराठा संघटनांच्या आक्षेपानंतर पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीने बदललं आणि २०२१ पासून ती ‘साबळे बिडी’ झाली. एकदम नाव बदललं तर बिडी वळणाऱ्या हजारो कामगारांच्या रोजीरोटीवर परिणाम होईल, हा मुद्दा त्या वेळी पुढे आला होता. त्याच वर्षी जानेवारीत ऑनलाइन कपडे विकणाऱ्या मिंत्राने आपलं चिन्ह बदलायचं मान्य केलं, कारण ते स्त्रियांचा अवमान करणारं आहे अशी तक्रार मुंबईच्या सायबर पोलिसांकडे गेली होती. या दोन्ही प्रसंगी बिडी ओढणारा किंवा कपडे मागवणारा माणूस काय म्हणाला, याची कुणी फारशी चौकशी केली नाही. महापुरुषाचं नाव बिडीवर नसावं, ही भावना मला पटते. माझा मुद्दा एवढाच, की नाव-चिन्हाच्या वादात समाज, मालक, कामगार आणि गिऱ्हाईक असे चार पक्ष असतात, आणि अभ्यास करताना त्यांची सरमिसळ करू नये.

पुढच्या लेखांत हे सगळे धागे सविस्तर येतील. वाचकाला त्यांत यशाची कृती सापडणार नाही, तशी कृती नसतेच. ट्रॉपिकानाला जे बाधलं ते एअरटेलला पचलं, आणि क्रॅकर बॅरलने आठवड्यात मागे घेतलं तसंच दुसऱ्या कुणी रेटलं असतं तर कदाचित वर्षभरात विसरलंही गेलं असतं. पण काही गोष्टींची मला खात्री आहे आणि त्या इथेच स्पष्ट सांगतो. चिन्हाचं मोजमाप पहिल्या आठवड्याच्या गोंगाटावर करू नये, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या खरेदीवर करावं. बदल करायचा तर रंग, आकार, चित्र आणि नाव यांतलं निदान एक जसंच्या तसं ठेवावं, म्हणजे अपुऱ्या स्मरणशक्तीच्या त्या माणसाला धरायला काहीतरी राहील. माल सुधारण्याआधी चिन्ह सुधारू नये. आणि नवं रूप बाजारात जाण्याच्या आधी ते किराणा दुकानदारांना दाखवावं, त्यांच्याकडे जुन्या-नव्याचं शेजारी शेजारी छापलेलं एक साधं पत्रक द्यावं. त्या सोलापुरी दुकानदाराला जुना पुडा धुळीतून शोधावा लागला, ते काम कंपनीचं होतं.

या संग्रहाच्या वाचकांत व्यवसाय करणारे असतील, डिझाइन शिकणारे असतील आणि रोजची खरेदी करणारे तर सगळेच असतील. पहिल्या दोघांसाठी पुढे पुष्कळ आहे. तिसऱ्यांना एक विनंती आहे. नेहमीचा पुडा ओळखू आला नाही, नवी पाटी पाहून धास्ती वाटली, दुकानदाराशी उगाच वाद झाला, तर ते पुड्याच्या मागच्या बाजूला छापलेल्या ग्राहकसेवेच्या नंबरावर फोन करून सांगा. बहुतेक लोक न बोलता शेजारचा पुडा उचलतात, त्यामुळे कंपन्यांपर्यंत फक्त गोंगाट पोचतो आणि तुमची अडचण तशीच राहते.